संसर्गजन्य आजारांवर थीसिस करताय? या चुका टाळा

थीसिसचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस विद्यापीठात गेला, एथिक्स कमिटीची मंजुरी आली, की अर्धं काम झालं असं एमडी करणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला वाटतं. नाशिकमध्ये डेंग्यूवर किंवा स्क्रब टायफसवर थीसिस करणाऱ्यांचं खरं काम वॉर्डात, पहिल्या केस पेपरवर सुरू होतं. तिथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. तापाचा कितवा दिवस, हेच लिहायचं राहून जातं.

डेंग्यूत एनएस१, म्हणजे विषाणूचं प्रथिन, रक्तात साधारण पहिल्या पाच दिवसांत सापडतो, आयजीएम ही अँटिबॉडी त्यानंतर. आठव्या दिवशी आलेल्या पेशंटचा एनएस१ निगेटिव्ह आला तर नवल नाही. पण दिवस लिहिला नसेल, तर सगळ्या पेशंटची माहिती एकत्र मांडलेल्या मास्टर चार्टमध्ये तो ‘डेंग्यू नाही’ म्हणून बसतो. असे वीस पेशंट साचले की पुढे कोणतंही सॉफ्टवेअर ते सावरू शकत नाही. ॲडमिशनची तारीख म्हणजे तापाची तारीख नव्हे. पेठ-सुरगाण्याहून आलेली आजी तारीख सांगणार नाही. ती म्हणेल, ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी अंग कणकणलं.’ कॅलेंडर घेऊन तिच्याजवळ बसा आणि तारीख काढा. गावातल्या डॉक्टरांनी कोणती गोळी, कोणतं इंजेक्शन दिलं, हेही तेव्हाच विचारा. अँटिबायोटिक आधीच पोटात गेलं असेल तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी, निगेटिव्ह येऊ शकतं. मोठ्या माणसाचं रक्त दर बाटलीत ८ ते १० मिली हवं. २ मिलीवर भागवलं तरी तेच होतं.

दुसरी चूक हंगामाची. तीन वर्षांच्या एमडीत हाती लागतात जेमतेम दोन पावसाळे. मंजुरी दिवाळीत आली तर एक गेलाच. मंजुरीपूर्वीचे पेशंट मोजायचे नसतात, म्हणून मे महिन्यापर्यंत फॉर्म आणि किट तयार हवेत. औषधाची चाचणी असेल तर पहिल्या पेशंटआधी सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून ती मागाहून होत नाही.

‘सगळेच शंभर पेशंट घेतात’ म्हणून शंभर घेऊ नका. जे मोजायचं त्याचं पेशंटमधलं प्रमाण ५० टक्के धरून उत्तरात ५ टक्के इकडे-तिकडे चुकीची मुभा ठेवली तर ३८४ पेशंट लागतात, १० टक्के ठेवली तर सुमारे ९६. कोणती मुभा परवडते, ते गाईडबरोबर आधीच ठरवा.

संमतीपत्र पेशंटला कळेल अशा बोलीत समजावून सांगा. बागलाणात अहिराणी चालेल, सुरगाण्यात कोकणा आदिवासींची कोकणी. अंगठा घेतला तर सोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही हवीच.

तपासणीसाठी ठेवलेलं सीरम (रक्तातला पातळ भाग) पुन्हा पुन्हा वितळवू नका, लहान लहान भाग करून गोठवा. लेबल साध्या पेनने लिहू नका, डीप फ्रीझरमध्ये ते पुसलं जातं.