‘का’ ऐवजी ‘काय’ विचारा
मीटिंगमध्ये कुणी तुमचा मुद्दा खोडला आणि तुमचा आवाज चढला. संध्याकाळी ‘मी असा का वागलो?’ विचारलंत की मन लगेच स्वतःची वकिली सुरू करतं. स्वतःच्या वागण्यावर काम करून घेणाऱ्या कोचिंगमध्ये प्रश्न फिरवतात: त्या क्षणी नेमकं काय झालं? जबडा आवळला, समोरच्याचं वाक्य तोडलं, पुढचं ऐकलंच नाही. एवढंच तारखेसह लिहा. पंधरा दिवसांनी पानं चाळलीत तर बहुधा ठरावीक प्रसंगच पुन्हा पुन्हा दिसतील. मग विश्वासातल्या सहकाऱ्याला विचारा, ‘मी चिडलोय हे तुला कशावरून कळतं?’ मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी १९५५मध्ये मांडलेल्या ‘जोहरी विंडो’तला, म्हणजे स्वतःला ओळखण्यासाठीच्या चार कप्प्यांच्या चौकटीतला, हा आंधळा कप्पा, इतरांना दिसतो, आपल्याला नाही. उत्तर ऐकताना खुलासा मात्र करायचा नाही. (फार जड जातं ते!)