रॅपिड टेस्टला पेशंट ‘नको’ म्हणतो? या चुका टाळा

“मॅडम, पेशंट तयारच होत नाहीत.” आमच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्ही-सिफिलिसच्या समुपदेशन व चाचणी केंद्रात नवीन मुलं आली की पहिल्या आठवड्यात हे वाक्य येतंच. मग मी उठून बाहेरच्या बाकावर पेशंटांच्यात जाऊन बसते. दहा मिनिटांत कारण कळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हाक मारणं. “एचआयव्ही-गुप्तरोगाची टेस्ट कुणाची राहिलीय?” असं दारातून ओरडणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता रागसुद्धा येत नाही. येतो, खरं तर. एकदा ऊसतोडीच्या हंगामात टोळीतला एक तरुण लघवीला जळजळ होते म्हणून आला होता. डॉक्टरांनी तपासण्या लिहिल्या. आमच्या उत्साही टेक्निशियननं त्याचं नाव आणि टेस्टचं नाव एका दमात पुकारलं. बाकावर त्याच टोळीतले चौघे, शेजारी मुकादम. तो उठला, “जरा बाहेर जाऊन येतो” म्हणाला, तो गेलाच. केसपेपर बाकावरच राहिला.

दोन महिन्यांनी त्याची बायको गरोदरपणाच्या तपासणीला आली, सातवा महिना. तिच्या रॅपिड टेस्टच्या कार्डावर, म्हणजे बोटातल्या रक्ताचा थेंब टाकतात त्या पट्टीवर, सिफिलिसची (हा एक गुप्तरोग) रेघ उमटली. तिला पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं, त्याला बोलावून घेतलं, त्यालाही दिलं. पुढे बाळाच्याही तपासण्या कराव्या लागल्या. तो माणूस सुईला घाबरून पळाला नव्हता. त्या दिवशी हळू आवाजात “दादा, या जरा” म्हटलं असतं, तर बहुतेक बसला असता.

तेव्हापासून माझ्याकडच्या चिठ्ठीवर फक्त ‘रक्त तपासणी’ आणि खोलीचा नंबर असतो. बाकापर्यंत मी स्वतः जाते. टेस्टच्या वेळी खोलीत मावशी, मामा, सासू, मेव्हणा, कुणी नाही. सासू हटत नसेल तर तिला केसपेपरवर शिक्का आणायला पाठवते. चालतं तेवढं खोटं.

दुसरी चूक, संमती म्हणजे सही असं समजणं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात समजावून घेतलेली संमती आहे, “इथं सही करा, चला” नाही. नवी मुलं म्हणतात, “टेस्टच वीस मिनिटांची, मग बोलण्यात दहा मिनिटं कशाला?” अरे बाबा, झटपट आहे ते कार्ड. माणसाला तर आत्ताच कळलंय की डॉक्टरांना आपल्याबद्दल ‘तसलं’ काही वाटतंय. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो, घरी कळेल का? तो विचारणार नाही. मी बसल्याबसल्या आधी त्याचंच उत्तर देते: निकाल तुम्हाला सांगणार, गावात नाही, घरीही नाही. मग कार्ड दाखवते, पाकिटातून त्याच्यासमोर काढते. खांदे खाली येतात ते दिसतं. गरोदर बाईला सांगते की ही तपासणी सगळ्याच गरोदर बायकांची होते, तुमच्यावर संशय नाही.

सुईचं थोडक्यात. स्पिरिट वाळू द्या, नाहीतर झोंबतं. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा. कोयता धरणाऱ्या हाताला घट्टे असतात, मधलं किंवा अनामिका बघा, हात आधी चोळून गरम करा. पहिला थेंब पुसा. तीनदा टोचलेला माणूस तीन महिन्यांनी परत येत नाही.

आता निकाल. कार्ड लावून चहाला जायचं आणि तासाभरानं ‘रेघ दिसतेय’ म्हणायचं, हा प्रकार बंद करा. किटच्या कागदावर वेळ लिहिलेली असते, त्यानंतरची रेघ धरायची नाही. मी स्वयंपाकघरातला टायमर वापरते आणि कार्डावर पेन्सिलीनं वेळ टाकते. कंट्रोलची, म्हणजे कार्ड नीट चाललंय हे दाखवणारी, रेघ नसेल तर कार्ड बाद. वेळेत उमटलेली फिकी रेघ ही रेघच, “जरा पुसट आहे, निगेटिव्ह लिहू” हे मी ऐकलेलं आहे.

एका कार्डावर “तुम्हाला एचआयव्ही आहे” असं सांगू नका. तीन वेगवेगळ्या किटवर खात्री होते, तोवर “आणखी तपासणी करायचीय” एवढंच.

सिफिलिसच्या कार्डाची वेगळीच गंमत. उपचार पूर्ण झालेल्या माणसाचंही ते बहुतेक वेळा आयुष्यभर पॉझिटिव्ह येतं. पूर्वी इंजेक्शन घेतलं होतं का ते न विचारता निकाल सांगाल, तर नवराबायकोत आग लावून मोकळे व्हाल. आधी विचारा, मग आरपीआर करा, म्हणजे आजार आत्ता चालू आहे का याचा अंदाज देणारी रक्ताची दुसरी चाचणी.

चार दिवसांपूर्वी असुरक्षित संबंध आला म्हणून आलेल्याला निगेटिव्ह सांगून खूश करू नका, नवी लागण इतक्या लवकर कार्डावर दिसत नाही, नव्वद दिवसांनी परत बोलवा. बहात्तर तासांच्या आत आला असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठवा, एचआयव्ही टाळायची औषधं तेवढ्याच वेळेत सुरू करता येतात, टेस्टसाठी ताटकळत ठेवू नका. गोनोरिया हा दुसरा गुप्तरोग या कार्डात दिसत नाही, स्राव असेल तर त्याची औषधं वेगळी.

आणि १०९७ हा एचआयव्ही हेल्पलाइनचा नंबर छोट्या कागदावर लिहून द्या. मोठं माहितीपत्रक घरी कुणी नेत नाही, गेटबाहेरच्या गटारात मी ती रोज बघते.