व्हेनिसला पहिल्यांदा जाताय? आधी मुक्कामाचं ठरवा

आपल्याकडच्या बऱ्याच युरोप टूरमध्ये व्हेनिस अर्ध्या दिवसात उरकतात. सकाळी बोटीने सान मार्कोजवळ उतरायचं, चौकात फोटो, काचेचं दुकान, जमलं तर गोंडोला, की दुपारी परत बसमध्ये. नेमकी हीच वेळ तिथल्या तुफान गर्दीची. तुम्ही स्वतः आखणी करून जाणार असाल तर ही वेळ टाळता येते. त्यासाठी निदान दोन रात्री बेटावर काढायला हव्यात.

१. हॉटेल नकाशावर बघून घ्या

'व्हेनिस' म्हणून दाखवली जाणारी पुष्कळ हॉटेलं प्रत्यक्षात मेस्त्रेमध्ये, म्हणजे मुख्य भूमीवर असतात. ती स्वस्त पडतात, रेल्वेने दहा-बारा मिनिटांत बेटावर जाताही येतं. पण मग तुम्हीही सकाळी सगळ्यांबरोबर येणार आणि रात्री सगळ्यांबरोबर परतणार. बेटावरचे विभाग सहा: कान्नारेज्जो, कास्तेल्लो, सान मार्को, सान पोलो, सांता क्रोचे आणि दोर्सोदुरो. पहिल्या खेपेला मी कान्नारेज्जो सुचवेन. सांता लुचिया स्टेशन तिथेच आहे, आणि मुख्य रस्ता सोडून आत शिरलं की लोकांची रोजची राहती वस्ती लागते. १५१६ साली ज्यूंसाठी वेगळी काढलेली वस्ती, गेट्टो, याच भागात आहे.

बुकिंग करण्याआधी अजून एक बघा: स्टेशनपासून किंवा बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत पूल किती लागतात? शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या आहेत. बेटात गाड्या येत नाहीत, सायकललाही बंदी आहे. तेवीस किलोची बॅग तुम्हालाच उचलायची आहे.

२. प्रवेश शुल्क भरायचं की नाही, ते पाहा

दिवसापुरतं येणाऱ्यांकडून २०२४ पासून काही ठरावीक तारखांना शुल्क घेतलं जातं. बेटावर मुक्काम असेल तर ते माफ आहे, पण त्यासाठी शहराच्या अधिकृत संकेतस्थळावर नोंदणी करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तपासा. मोठ्या गोतावळ्यासह जाणाऱ्यांसाठी आणखी एक नियम: गाइडबरोबर फिरणाऱ्या गटात पंचविसाहून जास्त माणसं चालत नाहीत आणि गाइडला लाउडस्पीकर वापरता येत नाही.

३. बोटीचा पास किती वेळाचा, याचा हिशेब करा

इथली बस म्हणजे व्हापोरेत्तो, पाण्यावरची. एकदाचं तिकीट साडेनऊ युरोच्या घरात आहे आणि ते ७५ मिनिटं चालतं. दिवसाचा पास पंचवीसच्या आसपास, म्हणजे तीन फेऱ्या झाल्या की पास परवडतो. चढण्यापूर्वी थांब्यावरच्या यंत्राला तिकीट टेकवायला विसरू नका. पैसे भरलेले असले तरी न टेकवल्याचा दंड होतो. माझा आग्रह असा, की सगळ्या दिवसांचा पास घेऊ नका. मुरानो-बुरानो या बेटांचा दिवस आणि ग्रँड कनाल या मुख्य कालव्याची फेरी एकाच पासात बसवा आणि बाकीचे दिवस पायी फिरा.

ग्रँड कनालसाठी १ नंबरची बोट. ती सगळ्या थांब्यांवर थांबत रमतगमत जाते, आणि इथे तेच हवं असतं. स्टेशनवरून संध्याकाळी उशिरा बसलात तर बाहेरची जागा मिळण्याची शक्यता जास्त.

गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर नावेचा असतो, माणशी नव्हे. चार-पाच जण मिळून घेतलीत तर जड जात नाही. नुसतं वल्हवलेल्या नावेत बसायचं समाधान हवं असेल तर रियाल्तो बाजाराजवळून त्रागेत्तोने, म्हणजे पैलतीरी नेणाऱ्या सामायिक होडीने, दोन युरोत कालवा ओलांडा.

४. पत्ता शोधायची रीत शिकून घ्या

पत्त्यात बऱ्याचदा गल्लीचं नावच नसतं. सदाशिव पेठेतल्या घराच्या पत्त्यासारखा नुसता विभाग आणि आकडा, आणि हे आकडे काही हजारांत जातात. म्हणून हॉटेलवाल्याकडून जवळच्या चर्चचं किंवा चौकाचं नाव मागून घ्या. अरुंद गल्लीत फोनवरचा ठिपका भरकटतो आणि 'सरळ जा' म्हणत तुम्हाला कालव्याच्या काठावर आणून सोडतो. त्यापेक्षा भिंतींवरच्या पिवळ्या पाट्या बऱ्या: रियाल्तो, सान मार्को, स्टेशन, असे बाण असतात.

५. सान मार्को सकाळी, बाकी सावकाश

चौकात आठच्या आत पोहोचा. तिथल्या बॅसिलिकाचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मोठी सॅक आत नेता येत नाही. समोरचा घंटामनोरा १९०२ साली कोसळला होता, आजचा १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिलेला. तिथे रांग लांब दिसली तर सोडून द्या आणि २ नंबरच्या बोटीने समोरच्या सान जोर्जो माज्जोरे बेटावर जा. तिथल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे आणि वरून सान मार्कोसकट अख्खं शहर दिसतं. दुपारच्या उन्हात फ्रारी चर्चमध्ये शिरा. चित्रकार तित्सियानोने (टिशियन) १५१८ मध्ये पूर्ण केलेलं मेरीच्या स्वर्गारोहणाचं चित्र ज्या वेदीसाठी काढलं, तिथेच आजही आहे.

बुरानोची रंगीत घरं पाहायची तर फोंदामेंते नोवे या थांब्यावरून १२ नंबरची बोट, साधारण पाऊण तास. मुरानोत काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये आगीच्या भीतीने हलवल्या. तिथे फुकटात प्रात्यक्षिक दाखवणारे नंतर थेट दुकानात नेतात, घ्यायचं नसेल तर सरळ 'ग्रात्सिए' म्हणून निघा.

६. खाताना विचारून खा

बाकारो नावाच्या छोट्या दारू-दुकानांत काउंटरवर चिक्केत्ती मांडलेले असतात, पावाच्या चकतीवर काहीबाही. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टींपासून सावध राहावं. पांढरं, लोण्यासारखं फेटलेलं जे दिसतं ते बहुधा कॉड मासा असतो, चीज नव्हे. आणि कांद्यात परतलेल्या साध्या पास्त्यासारखी दिसणारी बिगोली इन साल्सा, तिच्यात अँकोव्ही नावाचे छोटे मासे विरघळवलेले असतात. 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे' (मांस नको, मासा नको) एवढं पाठ करून ठेवा. मासे खाणाऱ्या कोकणी-गोवेकरांनी मात्र सार्दे इन साओर चुकवू नये: तळलेल्या तारल्या, कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या.

कॉफी काउंटरशी उभ्याने प्या, टेबलाचा दर वेगळा असतो. सान मार्को चौकातल्या कॅफेत वादक वाजवत असतील तर बिलात त्याचेही पैसे येतात. चर्चच्या पायऱ्यांवर बसून डबा उघडू नका आणि कबुतरांना दाणे टाकू नका, दोन्हीला दंड आहे. पिण्याचं पाणी विकत घ्यायची गरज नाही, चौकांतल्या नळांचं पाणी चांगलं असतं.