कोरियात नाक, डोळे, जबडा करून यायचाय? आधी हा हिशोब मांडा

कोल्हापुरात राजारामपुरीत एका डेंटल क्लिनिकमध्ये काम करते मी. पूर्वी पोरी दात सरळ करायला यायच्या, आता मोबाईलमध्ये कोरियन हिरॉईनचा स्क्रीनशॉट घेऊन येतात आणि असा जबडा होईल का विचारतात. त्यातल्या बऱ्याच जणींना घरात कुणाशी बोलता येत नाही, मग रीलमध्ये जे दिसतं तेच खरं धरून चालतात, म्हणून सगळं एका जागी लिहितेय. माझं म्हणणं एकच आहे, किंमत नंतर विचारा, आधी ते ऑपरेशन तुमच्या चेहऱ्यासाठी आहे का ते बघा. तिकडची ऑपरेशनांची यादी तिकडच्या लोकांच्या चेहऱ्याप्रमाणं तयार झालीय.

डोळ्यांचंच घ्या. डबल आयलिड हे तिकडचं सगळ्यात कॉमन ऑपरेशनपैकी एक. १९५० च्या दशकात राल्फ मिलार्ड नावाचा अमेरिकन सर्जन कोरियात होता, त्यानं ही ऑपरेशनं केली आणि तिथून पुढं ते पसरलं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांच्या वरच्या पापणीवर घडी नसते, ती घडी टाके घालून किंवा चिरा देऊन करतात. टाक्यांची पद्धत साधारण १० ते २० लाख वॉन (कोरियाचं चलन), चिरा देऊन २० ते ४० लाख वॉन. हिशोबाला १० लाख वॉन म्हणजे ६० हजार रुपयांच्या आसपास धरा, रेट हलत असतो. पण आरशासमोर उभं राहून डोळे हळूहळू उघडून बघा, आपल्यातल्या बहुतेकांना ती घडी जन्मापासूनच आहे! मग कशासाठी पैसे घालवायचे? पापणीच खाली आल्यासारखी वाटत असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याला टोसिस म्हणतात, आणि ते आधी इथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं.

नाकाचं जरा सविस्तर बोलूया कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच असतात. कोरियन नाकाची दांडी बहुधा बसकी असते म्हणून तिकडं नाक उंच करायचं काम जास्त, सिलिकॉनचा तुकडा घालतात आणि शेंड्याला कानाचं किंवा नाकाच्या आतल्या पडद्याचं कार्टिलेज, म्हणजे मऊ हाड, वापरतात. आपल्याकडं तक्रार बरोबर उलटी, मधे उंचवटा, शेंडा खाली झुकलेला, नाकपुड्या रुंद, वर कातडी जाड. म्हणजे आपल्याला घासून कमी करायचंय आणि तिथला सर्जन रोज वाढवायचं काम करतोय. सगळेच तसे नाहीत, पण कन्सल्टेशनला थेट विचारा की भारतीय नाकं किती केलीत आणि आधीचे-नंतरचे फोटो दाखवा, एक वर्षानंतरचे. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागतं, महिन्याभराचा फोटो काही सांगत नाही. साधं नाक ३० ते ५० लाख वॉन, शेंड्याचं कामही असेल तर ४० ते ८० लाख, बरगडीचं कार्टिलेज काढून करायचं किंवा आधी बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तर एक कोटी वॉनच्याही वर जातं. नाकपुड्या बारीक करताना चिरा बाहेरच्या बाजूला पडतो, आणि आपल्या कातडीला काळा डाग राहायची सवय असते. अंगावर कुठं जखमेचा व्रण फुगून वर आलाय का, म्हणजे केलॉइड, कान टोचल्यावर गाठ आली होती का, हे सर्जनला न विचारता सांगा.

आता जबडा. व्ही-लाइन म्हणजे जबड्याचे कोपरे आणि हनुवटी कापून, सरकवून चेहरा निमुळता करणं, ८० लाख ते दीड कोटी वॉन, गालाची हाडं आत घेणं धरलं तर अजून. दोन्ही जबडे कापून सरकवायचं ऑपरेशन दीड-दोन कोटी वॉनपर्यंत जातं, आणि ते मुळात वरचे-खालचे दात नीट न जुळणाऱ्या लोकांसाठी आहे, नुसत्या दिसण्यासाठी नाही. आमच्याकडं पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्सरे काढतो, त्यात मी पेशंटला नेहमी एक जागा दाखवते. खालच्या हाडातून मागून पुढं एक काळपट नळी जाते, वर-खाली बारीक पांढरी रेघ, आणि दाढांच्या जरा पुढं, छोट्या दाढांच्या मुळाशी ती बाहेर पडते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस त्यात असते. व्ही-लाइनला करवत त्या नळीच्या खालून जाते, आणि काहींच्या हाडात मधलं अंतर काही मिलीमीटरच असतं. नस दुखावली तर ओठ बधिर राहतो, चहा हनुवटीवरून ओघळला तरी कळत नाही, कुणाचं काही महिन्यांत परत येतं, कुणाचं कायमचं जातं. म्हणून जबड्याचा विचार असेल तर आधी सीटी स्कॅन आणि त्या नळीचं अंतर मोजलेला रिपोर्ट हातात पाहिजे.

त्याआधी ही घरची टेस्ट करा. दात घट्ट दाबा आणि कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा. टणक गोळा वर आला तर चेहरा हाडामुळं नाही, चावायच्या स्नायूमुळं चौकोनी दिसतोय. रात्री दात खाणाऱ्यांचं आणि सुपारी-मावा चघळणाऱ्यांचं असं होतं. त्याला स्नायूत बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, देतात, चार-सहा महिने टिकतं, कोल्हापुरात-पुण्यातही होतं, हाड कापायची गरज नाही. आधी मावा सोडा हे तर आहेच.

बाकीचं पटकन सांगते. चेहऱ्यात चरबी भरणं १५ ते ४० लाख वॉन, त्यातली बरीच चरबी जिरून जाते आणि दुसरा राउंड लागतो. फेसलिफ्ट, म्हणजे सैल कातडी ओढून घट्ट करणं, ६० लाखाच्या पुढं, चाळिशीच्या आत त्याचा विचारही नको. हे सगळे आकडे क्लिनिकप्रमाणं बदलतात, आणि कॉस्मेटिक सर्जरीवर तिथं १० टक्के व्हॅट आहे, कोटेशनमध्ये तो धरलाय का, भूल, औषधं, टाके काढणं धरलंय का, हे लेखी घ्या.

आता खरा खर्च. समजा नाकाचं कोटेशन ५० लाख वॉन, म्हणजे ३ लाख रुपये. एकटीनं जायचं नाही, सोबत आई किंवा बहीण पाहिजेच, म्हणजे दोन तिकिटं सव्वा लाखाच्या आसपास. टाके आणि नाकावरची आधाराची पट्टी (स्प्लिंट) काढून चेकअप होईपर्यंत साधारण दोन आठवडे राहायला लागतं, साधी खोली रोजची ५ हजार धरली तर ७० हजार. जेवण, मेट्रो, टॅक्सी ४० हजार, व्हिसा, औषधं, दुभाष्या ३०-४० हजार. झाले पावणेसहा लाख. तेच नाक पुण्या-मुंबईत चांगल्या प्लास्टिक सर्जनकडं एक ते अडीच लाखात होतं आणि दुखलं-खुपलं तर रात्रीची गाडी धरून जाता येतं. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही, दोन्हीकडं खिशातूनच.

तरीही जायचंच असेल तर क्लिनिक असं निवडा. आपल्याला व्हिसा लागतो, वैद्यकीय पर्यटनाचा सी-३-३ असतो, त्याला हॉस्पिटलचं पत्र लागतं, आणि परदेशी पेशंट घेणारं हॉस्पिटल तिथल्या आरोग्य मंत्रालयाकडं रजिस्टर असावं लागतं, तो नंबर मागा. टेलिग्राम-इन्स्टावरचे "सगळं करून देतो" म्हणणारे एजंट टाळा, त्यांचं कमिशन तुमच्याच बिलात जातं. कोरियात कुठलाही एमबीबीएससारखा डॉक्टर कॉस्मेटिक ऑपरेशन करू शकतो, म्हणून सर्जन प्लास्टिक सर्जरीचा स्पेशालिस्ट आहे का ते बघायचं. क्लिनिकच्या नावातच प्लास्टिक सर्जरी असेल तर स्पेशालिस्टचं, नावानंतर वेगळं "उपचार विषय : प्लास्टिक सर्जरी" असं लिहिलं असेल तर बहुधा जनरल डॉक्टरचं. राजधानी सोलमधल्या गंगनम आणि अपगुजॉंग या भागांतल्या रस्त्यांवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी असतात.

आणि कोण कापणार हे विचाराच. २०१६ मध्ये तिथं जबड्याच्या ऑपरेशननंतर रक्तस्राव होऊन एक तरुण पोरगा गेला, ठरलेला सर्जन ऑपरेशन अर्धं टाकून दुसरीकडं गेला होता. त्याच्या आईनं ऑपरेशन रूमचं फुटेज मिळवून वर्षानुवर्षं लढा दिला, आणि सप्टेंबर २०२३ पासून पूर्ण भूल द्यायच्या ऑपरेशन रूममध्ये सीसीटीव्ही सक्तीचा झाला. पण रेकॉर्डिंग पेशंटनं किंवा नातेवाइकानं मागितलं तरच होतं, म्हणून आधीच लेखी मागा. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत आत असणार का, हेही.

ऑनलाइन कन्सल्टेशनला सेल्फी पाठवू नका, हातभर अंतरावरून नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. पाच-सहा फुटांवरून दुसऱ्याला काढायला सांगा, समोरून, तिरका, दोन्ही बाजूंनी आणि नाकासाठी खालून, फिल्टर बंद. जाण्याआधी इथं रक्त तपासा, आपल्या बऱ्याच पोरींचं हिमोग्लोबिन कमी निघतं. तंबाखू, मिश्री, सिगरेट किमान महिनाभर आधी बंद, निकोटिननं जखम भरत नाही. ॲस्पिरिन, पिंपलची आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर सर्जनला सांगा.

परत आल्यावर नाकवाल्यांनी दीड महिना चष्मा नाकावर टेकवायचा नाही आणि फुल हेल्मेट ओढून घालायचं नाही, म्हणजे गाडी चालवायचीच नाही, मागंपण बसायचं नाही. जबडावाल्यांनी पहिले काही आठवडे पेज, आंबील, मऊ भात, तांबडा रस्सा लांबच. लग्न ठरलं असेल तर मुहूर्ताच्या आधी निदान सहा महिने मोकळे ठेवा, हळदीच्या फोटोत सूज लपत नाही.

आणि तिकीट काढायच्या आधी इथला एक प्लास्टिक सर्जन गाठून ठेवा, परत आल्यावर बघाल का म्हणून सरळ विचारा, कारण दुसऱ्यानं केलेलं ऑपरेशन हातात घ्यायला बरेच जण तयार नसतात. निघताना ऑपरेशनची इंग्रजी नोट, इम्प्लांटचं नाव-साइज, सीटीची सीडी आणि दिलेल्या औषधांची यादी घेऊनच निघायचं. घरी आल्यावर ताप, एका बाजूला वाढती सूज, लाली किंवा पू दिसला तर सोलच्या क्लिनिकच्या मेसेजची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी ती फाइल घेऊन त्या सर्जनकडं जा.