डीएनए-हानीचे सिम्युलेशन: निकष बदलला तरी पुन्हा चालवू नका

आयनीकारक प्रारणाने डीएनएला होणारी हानी जिअँट४-डीएनएसारख्या, कणांचे मार्ग संगणकावर उभे करणाऱ्या प्रणालीत मोजताना तुटीचा निकष (डीएनएचा धागा कधी तुटला असे धरायचे, तो नियम) जरा बदलला, की सगळे कणमार्ग पुन्हा काढावे लागतात आणि त्यात संगणकाचे तासन्‌तास जातात. हे टाळता येते.

१. सिम्युलेशन चालू असताना तुटी मोजू नका. डीएनएच्या धाग्याच्या साखर-फॉस्फेटच्या कण्यात जमा झालेली ऊर्जा तेवढी फाइलमध्ये नोंदवा: मूळ कणाचा (ज्या प्रारणकणापासून ती ऊर्जा आली त्याचा) क्रमांक, दोनपैकी कोणता धागा, बेसजोडीचे (दोन धाग्यांना जोडणाऱ्या घटकांच्या जोडीचे) स्थान आणि ऊर्जा. अगदी लहान नोंदीही गाळू नयेत, कारण एकाच स्थानावर त्यांची बेरीज उंबरठा ओलांडू शकते.

२. मोजणी स्वतंत्र स्क्रिप्टने करा. १७.५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे ऊर्जेचे अतिसूक्ष्म एकक) ठाम उंबरठा असो, किंवा ५ ते ३७.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यात शून्यापासून एकापर्यंत चढत जाणारी तुटीची संभाव्यता असो, दोन्ही प्रचलित निकष त्याच फाइलवर काही क्षणांत पडताळता येतात. विरुद्ध धाग्यांवरील तुटी १० बेसजोड्यांच्या आत आल्यास दुहेरी तूट धरतात. ते अंतरही इथेच बदलावे.

मात्र एकेका कणाचा परिणाम मोजत असाल, तर गट करताना मूळ कणाचा क्रमांक कटाक्षाने पाळा; अन्यथा वेगवेगळ्या कणांच्या एकेरी तुटी एकत्र येऊन खोट्या दुहेरी तुटी दिसू लागतात.