पोशाख आणि व्यक्तिचित्रांची टपाल तिकिटं जमवताय? या चुका टाळा

या विषयात सगळ्यात जास्त घोळ होतो तो काळाचा. राजा रविवर्मा यांच्या स्मरणार्थ १९७१ साली निघालेलं २० पैशांचं तिकीट घ्या. त्यावर दमयंती आणि हंस आहे. बरेच जण ते अल्बमच्या पहिल्याच पानावर ‘महाभारतकालीन वेशभूषा’ म्हणून लावून मोकळे होतात. अहो, ती साडी एकोणिसाव्या शतकातली! रविवर्म्यांनी आपल्या काळातलं नेसणं पौराणिक नायिकांना दिलं. १९७३ च्या लघुचित्रांच्या मालिकेतली किशनगडची राधाही तशीच. नाव राधेचं, पण ओढणी आणि दागिने अठराव्या शतकातल्या राजस्थानी दरबारातले. म्हणून तिकीट लावताना पात्राचा नाही, चित्राचा काळ बघा. चित्रकार, चित्राचा काळ आणि तिकिटाचं साल या तिन्ही गोष्टी खाली पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन नको, त्याची शाई कागदातून उतरते.

अर्धवट संच पूर्ण समजून घेऊ नका. भारताच्या १९८० च्या नववधूंच्या संचात चारच तिकिटं आहेत: काश्मीर, बंगाल, राजस्थान, तामिळनाडू. आपली नऊवारी आणि मुंडावळ्या त्यात नाहीत, उगाच शोधत बसू नका. स्पेनच्या प्रांतीय पोशाखांची मालिका मात्र १९६७ ते १९७१ अशी चालली आणि तिकिटं आहेत ५३. बाजारात एकाच वर्षाची डझनभर तिकिटं ‘फुल सेट’ म्हणून गळ्यात मारतात.

अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवेन या नावांची मोठी, चकचकीत तिकिटं दिसली की हात आखडता घ्या. साठच्या दशकाच्या अखेरीपासून १९७२ पर्यंत आखातातल्या या छोट्या अरब अमिरातींच्या नावानं युरोपातल्या गाजलेल्या चित्रांची तिकिटं ढिगानं छापली गेली, ती मुख्यतः संग्राहकांसाठीच. तिकीट उलटून पाहा. पुढे कोपऱ्यात शिक्क्याचा नेटका पाव गोल आणि मागे गोंद जसाच्या तसा? मग ते पत्रावर कधी चिकटलंच नाही. दिसायला छान आहेत, जरूर ठेवा. पण मिश्र तिकिटांच्या स्वस्त पुडक्याच्या भावानं घ्या.

आता पावसाळा. कोरं तिकीट पानाला चिकटलं तर नखानं ओढू नका, पाण्यातही टाकू नका. गोंद गेला की किंमत गेली. झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, त्यावर जाळी आणि जाळीवर ते तिकीट ठेवा. पाण्याचा थेंब लागता कामा नये. मधूनमधून बघत राहा. कड सैल झाली की चिमट्यानं हळूच सोडवा आणि गोंदाची बाजू वर करून वाळवा. वापरलेली तिकिटं पाण्यात सोडवायला हरकत नाही, पण लग्नपत्रिकेच्या लाल-पिवळ्या पाकिटावरची वेगळ्या वाटीत, नाहीतर रंग सगळ्यांना लागतो. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचं नावच काढू नका. आणि अल्बम एकावर एक आडवे रचू नका. उभे ठेवा, भिंतीपासून जरा लांब.