पनामात बसने फिरताय? हिवाळ्याचा मुक्काम ठरवण्याआधी या चुका टाळा

जानेवारीत कॅनडातल्या मिसिसागाच्या घरासमोरचा बर्फ उपसताना ह्यांच्या छातीत कळ आली. तपासण्यांत काही निघालं नाही, पण पुढचे हिवाळे इथे काढायचे नाहीत, एवढं त्या रात्री ठरलं. फेब्रुवारीत आम्ही दोघं तीन आठवडे पनामात बसने हिंडलो, राहण्याजोगं गाव शोधत. गाडी भाड्याने मिळत होती. तरी बस धरली, कारण चार महिने राहायचं तर बाजारहाट आणि दवाखाना बसनेच करावा लागणार. आमच्या हातून झालेल्या आणि इतरांच्या होताना पाहिलेल्या चुका लिहून ठेवते.

रात्रीची बस

राजधानीतलं अल्ब्रुक हे तिथलं स्वारगेट. देशभरच्या गाड्या तिथूनच सुटतात आणि मेट्रोही तिथपर्यंत येते. पश्चिमेकडचं दाविद शहर सुमारे ४४० किलोमीटरवर. सात-आठ तास लागतात, तिकीट साधारण १५ ते २० डॉलर. हॉटेलची एक रात्र वाचेल म्हणून आम्ही मध्यरात्रीची गाडी घेतली आणि सगळा देश झोपेत ओलांडला. येताना दिवसा आलो तेव्हा आग्वादुल्सेच्या आसपासचा ऊस दिसला, पेनोनोमेसारखं आटोपशीर गाव दिसलं, सांतियागोला सगळी गाडी जेवायला उतरते ते कळलं. जागा शोधायला गेलात तर दिवसाच प्रवास करा.

रात्री असो वा दिवसा, या लांबच्या गाड्यांत एसी इतका असतो की दात वाजतात. शाल आणि मोजे डिकीतल्या बॅगेत गेले की संपलं. ते मांडीवरच्या पिशवीत हवेत. पासपोर्टही त्याच पिशवीत ठेवा. दाविद ज्या प्रांतात आहे त्या चिरिकीत नाक्यावर पोलिस गाडीत चढून कागद तपासतात, आणि तेव्हा झेरॉक्सच्या भरवशावर राहू नये.

अल्ब्रुकला आणखी एक अडचण येते. खिडकीवर तिकीट काढलं तरी फलाटावर जाताना फाटकाला मेट्रो-बसचं कार्ड टेकवावं लागतं. कार्ड नसेल तर सुटणाऱ्या गाडीकडे बघत उभं राहू नका. मागच्या माणसाला नाणी द्या आणि त्याचं कार्ड टेकवायची विनंती करा. लोक आनंदाने करतात. तिथे कागदी चलन अमेरिकन डॉलरच आहे, पण पन्नास-शंभरच्या नोटा सहसा कोणी घेत नाही. एक आणि पाचच्या नोटा जपून ठेवा. गावातल्या छोट्या बसमध्ये पैसे बहुतेक उतरताना द्यायचे असतात, आणि थांबा आला की मोठ्याने ‘परादा’ म्हणायचं.

एका दिवसावरून गाव पसंत करणं

सर्वांत महाग चूक हीच. दाविदजवळच्या डोंगरातलं बोकेते गाव सुमारे १,२०० मीटर उंचीवर आहे. कॉफीचे मळे, पाठीशी ३,४७५ मीटरचा बारू ज्वालामुखी. पहिल्याच सकाळी मी ह्यांना म्हटलं, इथेच राहू. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. डोंगरापलीकडच्या कॅरिबियन बाजूने बारीक तुषार घेऊन येणारा तो वारा, त्याला तिथे बाहारेके म्हणतात. उन्हात इंद्रधनुष्य दिसतं, पण माझे गुडघे आखडले. नेमकं आपण ज्या महिन्यांत जाणार, त्याच महिन्यांत तो वाहतो.

पॅसिफिक बाजूला डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत कोरडा ऋतू असतो. तिथले लोक त्याला उन्हाळाच म्हणतात. कॅरिबियन बाजूच्या बोकास देल तोरोला मात्र हे वेळापत्रक लागू नाही; तिथे या दिवसांतही पाऊस गाठतो. दाविद पॅसिफिककडचं, सपाट आणि तापणारं, दुपारी तिशीच्या वर. पण मोठी इस्पितळं तिथे आहेत.

म्हणून एका गावी निदान पाच दिवस राहा आणि एकदा तरी भर दुपारी तिथून बसने मोठ्या इस्पितळापर्यंत जाऊन या. बोकेते ते दाविद तासाभराचा प्रवास, दोन डॉलरच्या आसपास. आमच्या गाडीत कॉफी तोडायला आलेली ङोबे आदिवासी कुटुंबं होती. बायकांचे पायघोळ रंगीत झगे, मांडीवर लेकरं, उभं राहायलाही जागा नाही. दुखत असताना आपल्याला हे झेपेल का, हा प्रश्न त्या गर्दीत खरा वाटला.

आणखी एक. पश्चिमेकडे जाणारा मुख्य रस्ता एकच, पॅन-अमेरिकन महामार्ग. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तांब्याच्या खाणीच्या कराराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि चिरिकी कित्येक दिवस तुटलं. दोन आठवड्यांची जास्तीची औषधं जवळ हवीतच. रस्ता बंद झाला तर दाविदहून राजधानीला विमान आहे.

गोव्यात कार्निव्हल असतो तेच चार दिवस पनामातही असतो. त्या आठवड्यात गाडीत आणि हॉटेलात जागा शोधू नका.

जेवण

‘सिन कार्ने’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, म्हटलं की चिकन येतं, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी बीफ. चिकन नको, हॅम नको, मासा नको, असं नावानिशी सांगा. आणि ग्वान्दू मागा. ती आपली तूर! नारळाच्या दुधात शिजवलेला तूरभात ताटात आला तेव्हा हे काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्यांदा घेतला. तरी फोडणीला मांस नाही ना, हे विचारून घ्या.

कागदपत्रं

कॅनडाच्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून १८० दिवस राहता येतं. भारतीय पासपोर्ट आणि कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, असेल तर नियम निराळे. पनामाच्या वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या. ओहिप, म्हणजे आमच्या ऑन्टारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा, टिकवायचा तर बारा महिन्यांत १५३ दिवस ऑन्टारिओत असावं लागतं, आणि परदेशातल्या आजारपणाचा खर्च त्यातून फारच थोडा मिळतो. प्रवासी विमा वेगळा घ्या. साठीच्या पुरुषांना आणि पंचावन्नच्या बायकांना बसभाड्यात मिळणारी ३० टक्के सवलत तिथल्या रहिवाशांसाठी आहे, तिकिटाच्या हिशेबात धरू नका.

पनामाहून थेट पुण्या-मुंबईला जाणार असाल तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं. ते नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात. भाच्याच्या लग्नाला निघालेल्यांनी हे तिकीट काढण्याआधी बघावं.

आम्ही शेवटी दाविदमध्ये बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या पाहून ठेवल्या. घरमालकीण चार महिन्यांचं भाडं आधी मागत होत्या. आम्ही एका महिन्याचं देऊ म्हणालो आणि त्या तयार झाल्या. उकाडा असह्य झाला की सकाळच्या बसने बोकेतेला जाऊ, संध्याकाळी परत.